मगर आली की टीव्ही बंद

आई, तू टीव्हीवर पाहायचीस ती आफ्रिकेतली नदी मी मागच्या महिन्यात पाहून आले. तुझे जावई निवृत्त झाले आणि आम्ही हुडकेश्वर वस्तीतल्या शेजाऱ्यांबरोबर सहलीला गेलो. अगदी नदीकाठी तंबू, आत पलंग, गरम पाणी, सगळी बडदास्त. बायकांनी चिवड्याचे डबे नेले होतेच. समोर पाणघोडे डुंबायचे आणि सगळे हरखून जायचे. मला काहीच वाटत नव्हतं. फोटो मात्र काढत होते.

आपल्या घरी बाबांचा हातमाग दिवसभर खटखटायचा, टीव्हीचा आवाज कुठला ऐकू यायला? तू मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मला सांगायचीस, ‘पाह्य वं, आता ते पाण्यात उतरून राह्यले.’ काळ्या जनावरांचा कळप नदी ओलांडत असतो, मगरी सरकत जवळ येतात, आणि तू उठून टीव्ही बंद करतेस. मी विचारते, ‘मंग?’ ‘मंग काय, गेले सारे पलीकडे. चाल, कांड्या भर.’ मगरी कोणालाच धरत नाहीत असं मी शाळेत ठसक्यात सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग हसला. घरी येऊन तुझ्यावर चिडले, तर म्हणालीस, ‘तुले झोप तर लागत होती ना?’

यावेळी कळप आमच्यासमोर उतरला. एक वासरू मागे पडलं, मगरीनं पायाला धरून खाली नेलं. शेजारच्या बाई रडायला लागल्या. हे म्हणाले, ‘अवं, पाहून राह्यली ना? याच्यासाठीच तर आलो.’ मी पाहत होते, पार शेवटपर्यंत, आणि मला तुला ठेवलं होतं तो दवाखाना आठवला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, फार तर आठवडा. मी आत येऊन म्हटलं, ‘रिपोर्ट चांगला आहे आई, सोमवारी घरी जाऊ.’ तू म्हणालीस, ‘बरं. तू जेवली का?’ रविवारी तू गेलीस.

तुला कळलं होतं का, एवढंच बारा वर्षं विचारायचं आहे. लोकांना मी सांगते, आईला त्रास नको म्हणून खोटं बोलले, तिच्याकडूनच शिकले. ते खरं नाही. खरं सांगितलं असतं तर तू काहीतरी बोलली असतीस, आणि मला बसून ऐकावं लागलं असतं. मला ते नको होतं. हा कागद कपाटात साड्यांखाली ठेवते, आणखी कुठे पाठवणार? त्या दिवशी तू जेवणाचं विचारल्यावर डबा आणायला म्हणून मी निघाले ना, ती सीताबर्डीच्या बाजारात तासभर चपला पाहत होते. एक जोड घेतलासुद्धा.