माझ्या फोनवरचं घर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२८ मे

प्रिय विश्वजितदादा,

तुझं सहावं पार्सल काल आलं. मी ते उघडलेलं नाही. ‘हा हब लावला की सगळं आपोआप जुळतंय बघ’ असं तू फोनवर म्हणालास. पाचव्या पार्सलच्या वेळीही हेच म्हणाला होतास आणि चौथ्याच्या वेळीही. म्हणून आधी माझं सगळं ऐकून घे, मग सांग उघडू की परत पाठवू. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘रिसेट करून बघ’ म्हणतोस आणि पुण्यातल्या कुणाच्या तरी बंगल्यात असलीच यंत्रं बसवायला शिडीवर चढतोस. कागदाला मध्येच ‘ठेवतो गं, साहेब आले’ म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

तुला माहीत आहे, पंधरा जूनला मला राधानगरीच्या पुढच्या शाळेत हजर व्हायचं आहे. संगणक शिक्षिका म्हणून आपल्या घरातल्या पहिल्या पदवीचं पहिलं काम. मी जाऊन ती खोली बघून आले. आठ जुने संगणक आहेत, तीन वर्षं प्लॅस्टिकखाली झाकलेले. नवी सिस्टीम त्यांना पेलत नाही, म्हणून सगळ्यांनी त्यांना भंगार ठरवून टाकलंय. मी त्यांच्यावर हलकी, फुकटची सिस्टीम घालणार आहे, मराठीतली. जुन्या यंत्राला झेपेल तेवढंच काम द्यावं, मग ते मुकाट चालतं. हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, एवढ्यावरच मला ती शाळा आवडली. पण तिथं पावसाळ्यात रस्ता बंद पडतो, म्हणून राहावं तिथंच लागेल. आणि फोनला रेंज येते ती फक्त देवळाच्या पायरीवर. आता तूच सांग, ज्या घराचा दिवा, पंखा, टीव्ही आणि दार सगळं माझ्या एका फोनवर आहे, ते घर सोडून मी जायचं कसं?

तुझ्या बल्बपासून सुरू करते. तुझे बल्ब भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवा म्हणतात. आपल्या घरात खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलं नाही तर आबा पायातली चप्पल काढायचे, हे तू विसरलास का? ते अजूनही जाता-येता सगळी बटणं बंद करतात. मग माझ्या फोनवर ‘उपकरण सापडत नाही’ असं येतं. वायफायचा डबा तर ते जेवणं झाली की स्वतः बंद करतात. ‘आपण बसलोय, त्यानं का राबायचं?’ म्हणतात. सकाळी घरातल्या सगळ्या हुशार वस्तू एकमेकींची ओळख विसरलेल्या असतात आणि मी कॉलेजच्या परीक्षेला केली नसेल इतकी उजळणी त्यांच्याकडून करून घेते.

आणि ती बोलणारी डबी. तिला मराठी येत नाही, हे पहिलं. दुसरं म्हणजे आईनं तिला पाहुणी ठरवलंय. ‘परक्या घरातनं आलेली बाई, तिला कामं सांगू व्हय? उद्या म्हणंल, आल्या दिवसापास्नं राबवून घेतलं!’ असं म्हणून आई स्वतः उठून दिवा लावते. फारच नड असली तर हिंदीत विनवते, ‘बाई, जरा पंखा चालू करती क्या, थकी तो नहीं ना?’ एवढ्या लांबलचक वाक्यातलं त्या डबीला काहीच कळत नाही. ती कुठलं तरी गाणं लावते आणि आई मला म्हणते, ‘बघ, रागावली.’ आबा आंघोळीहून बाहेर येणार असले की आई तिच्यावर टॉवेल टाकते. मी चार वेळा समजावलं की तिला डोळे नाहीत. आई म्हणते, ‘कान हायत न्हवं? मग झालं की.’

टीव्हीचं तर पेठेत नाव झालंय. फुटबॉलच्या फायनलच्या दिवशी मैदानात जायला न मिळालेले सगळे आपल्याकडं बसले होते. तुझा टीव्ही मोठा म्हणून. सामना सुरू व्हायला पाच मिनिटं असताना टीव्हीनं अपडेट सुरू केलं. बंद करायला बटण नाही, नको म्हणायची सोय नाही. अर्ध्या तासानं उघडला तर ज्यावर सामना दिसायचा ते ॲपच ‘आता या मॉडेलवर चालणार नाही’ म्हणालं. शेजारचे आकाराममामा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘काय गं वर्षाराणी, बी.सी.ए. झालीस न्हवं? मग लाव की! तिकडं गोल झाला आणि हितं नुसतं गोल फिरतंय!’ सगळे हसले. मीही हसले. पण दादा, मला खरंच राग आला होता. त्यांचा नाही, तुझाही नाही. चांगली चालणारी वस्तू लांब कुठं तरी बसून कुणी तरी एका दिवसात निकामी करतं आणि त्याचा जाब मात्र शिवाजी पेठेत मला द्यावा लागतो, याचा. शिकलेल्या माणसानं निदान एवढं तरी विचारायला हवं ना की वस्तू नक्की कुणाची?

मी प्रयत्न केले नाहीत असं समजू नकोस. सगळं आईच्या फोनवर द्यायला गेले. ‘हे ॲप तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही.’ तिचा फोन जुना आहे. आबांच्या फोनला नुसती बटणं. तुझ्या नावावर करावं म्हटलं, तर नव्या मालकाचा फोन मालकी घेताना याच घरातल्या वायफायवर असावा लागतो. म्हणजे तुला यावं लागणार. हे मी तुला एप्रिलमध्ये सांगितलं, मेमध्ये सांगितलं. दोन्ही वेळेला तू नवीन वस्तू पाठवलीस.

तू का येत नाहीस, ते मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आबांच्या मोटर-वायंडिंगच्या दुकानात झालेलं मी ऐकलं होतं. ‘ज्या वस्तूला उघडायला स्क्रू न्हाय, ती वस्तू न्हवं, ती थाप हाय,’ असं आबा तुझ्या कामाला म्हणाले. आणि तू त्यांच्या हातातल्या तांब्याच्या तारेकडं बघून म्हणालास, ‘तुमचा धंदा संपलाय, आबा. आता जळक्या मोटारी तार घालून कोण भरून घेतंय?’ तुम्ही दोघंही थोडे खरे होतात. पण तेव्हापासून तू घराशी कुरिअरनंच बोलतोस.

तू दिवाळीत पाठवलेला कॅमेरा आबांनी दुकानात लावू दिला, याचं तुला जितकं नवल वाटलं तितकंच मलाही वाटलं होतं. परवा मालकी बदलायच्या खटपटीत मला त्या ॲपमध्ये एक यादी दिसली. कॅमेरा कुणी, केव्हा उघडून पाहिला त्याची. सकाळी साडेनऊ, विश्वजित. संध्याकाळी सहा, विश्वजित. रोज. रविवारीसुद्धा, दुकान बंद असताना. मी ती यादी बंद केली. मला वाटायचं, तू घर विसरलास म्हणून वस्तू पाठवतोस.

गेल्या महिन्यात तू आवाजी निरोप पाठवला होतास, ‘आबांना जरा वळून बसायला सांग, नुसती पाठ दिसते.’ मी उत्तर दिलं नाही. आता देते. त्यासाठीच हे पत्र आहे. बल्ब, टीव्ही, डबी यांचं आम्ही कसंही निभावून नेऊ. मी जाताना जुने बल्ब लावून जाईन, आईला बरंच वाटेल. पण दादा, आबा मुद्दाम पाठ करून बसतात. त्यांचा उजवा हात कापतो. कंपवाताची सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. टेबलफॅनची बारीक तार आता त्यांच्या बोटांत राहत नाही. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. ‘त्याला यायचं आसंल तर माझ्यासाठी यील. माझ्या हातासाठी आला तर दारातनं परत लावीन.’ आणि त्यांच्या पाठीच्या पलीकडं, तुला कधी दिसत नाही तिथं, स्टुलावर मी बसते. सात महिने मोटारी मी भरते आहे. ते वेढे मोजतात, मी तार घालते. चुकलं की म्हणतात, ‘विश्यानं असं केलं नसतं.’ गिऱ्हाइकांना अजून वाटतं, आबांचाच हात आहे. मी शाळेचं सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘जा की. तुला तार गुंडाळायसाठी कॉलेजात धाडलं न्हवतं. शटर वढून टाकू.’ बोलले जोरात, पण दुपारी त्यांना दुकानातल्या सगळ्या हत्यारांना तेल लावताना पाहिलं. बंद करायचं दुकान असं कुणी पुसत नाही. म्हणून सांगते, तेरा तारखेच्या आत ये. कायमचा ये असं म्हणत नाही. तुझं तिथलं काम मी कमी लेखत नाही. चार दिवस त्यांच्यासमोर बस, आणि हात बघून काही बोलू नकोस. पुढं दुकान चालवायचं की सन्मानानं बंद करायचं, ते तुम्ही दोघं ठरवा. मात्र ते माझ्या पाठीमागं ठरू दे, माझ्या जिवावर नको. तू आला नाहीस तर मी जाणार नाही, कारण त्या स्टुलावरून मला उठवणार नाही. आणि तसं झालं, तर ती आठ यंत्रं प्लॅस्टिकखालीच राहतील, आणि त्याबद्दल मी तुला माफ करणार नाही. हे रागानं लिहिलेलं नाही. खरं आहे म्हणून लिहिलं.

तुझीच,
वर्षाराणी