स्पेशल कांडप

१७ मार्च, सोमवार

मोठे दीर येऊन गेले. चहा न घेता! मारुतीराव चहा सोडतात ते फक्त वाईट बातमी आणतात तेव्हा. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "हंगाम हू दे तुझा. मिरगाला गाळा मोकळा कर. मोबाइलवाला दुप्पट भाडं देतोय."

मी म्हटलं, गिऱ्हाईक परत आलं तर? म्हणाले, "आलं तर र्‍हा की. पर येतंय कुठं?"

हे मात्र खरं. हायवेच्या रस्त्याला विक्रमने नवी मशीन टाकल्यापासून माझ्याकडे माश्यासुद्धा बसायला येत नाहीत. येतील कशा म्हणा, चटणीचं कांडप आहे.

गाळा कागदोपत्री जयाआक्कांचा — माझ्या थोरल्या जावेचा. त्यांच्या वडिलांनी दिलेला. त्यांनी एक शब्द टाकला तर दीर गप्प बसतील. पण त्या माझ्याशी बोलत नाहीत. सहा वर्षांपूर्वी भर पंगतीत म्हणाल्या, "चटणीत मीठ लई झालंय गं." मी म्हटलं, "मग आळणी डबा घेऊन यायचं." संपलं. तेव्हापासून समोरासमोर दारं आणि दोघींच्या माना दोन दिशांना.

१८ मार्च, मंगळवार

डोक्यावरून पदर ओढून विक्रमच्या दुकानावरून दोनदा चालत गेले. तिसऱ्यांदा त्याने हात जोडून नमस्कार केला, म्हणून परत आले.

काय तो थाट! काचेची खोली, थंड हवा, प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, पाण्याची बाटली. मिरच्या काचेपलीकडे, बायका अलीकडे. वीस मिनिटांत पुडा हातात. कोणी खोकत नाही, शिंकत नाही. मिरच्या दवाखान्यात दाखवायला आणल्यासारख्या बसलेल्या सगळ्या.

आणि माझ्याकडे? मिरची कुटायचे दोन डंक, त्यांचा धडाधडा आवाज, एक लांब बाकडं. त्याच्या एका पायाखाली वीट. आत आलेली प्रत्येक बाई पहिल्यांदा खोकते, मग शिंकते, मग नमस्कार करते.

काहीतरी करायलाच हवं.

२० मार्च, गुरुवार

दर उतरवला. फळ्यावर खडूने मोठ्ठं लिहिलं. किलोमागे पंधरा रुपये कमी.

सकाळी अक्काताई आली, जत्राटवाडीकडची. फळा वाचला, मिरच्यांची पिशवी पोटाशी धरली. "का गं वैनी, डंकाचं लोखंड झिजलं काय?" तिच्या मागची म्हातारी तिच्या कानात — पण डंकाच्या आवाजामुळे ओरडूनच — म्हणाली, "जुनं तिखाट मिसळत असंल." हुक्केरीकडची एक बाई आली. तिनेही विचारलं, "याके कम्मी?" म्हणजे कमी का? मराठीत शंका, कन्नडमध्ये शंका! माझी स्वस्ताई कोणत्याच भाषेत खपेना.

दुपारी फळा पुसला. जुना दर लिहिला. म्हातारी म्हणाली, "आता बरोबर हाय." आणि पिशवी माझ्या हातात दिली.

हे म्हणाले, "बघ बाबा तुझं." तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहून लिहून यांची सगळी वाक्यं एका ओळीत मावतात.

२४ मार्च, सोमवार

आज माझं डोकं काय चाललंय! लिहून ठेवलंच पाहिजे.

माझे दोन्ही डंक एका कंपनीचे, एका टेंपोतून आलेले. त्यातल्या डावीकडच्या डंकाला झेंडूची माळ घातली आणि वर पाटी लावली — स्पेशल कांडप. खाली कन्नडमध्येही स्पेशलच लिहून घेतलं. दर किलोमागे दहा रुपये जास्त.

दहाच्या सुमाराला नागुबाई आली. विड्या वळते, कोपऱ्यावरच्या चाळीत राहते, माझं जुनं गिऱ्हाईक. पाटीकडे बघत म्हणाली, "ह्यात आनि त्यात काय फरक?"

आता काय सांगू? तोंडाला आलं ते सांगितलं, "ह्यात वेळ लई लागतोय."

"मग ह्यातच घाल," म्हणाली.

तिच्या मागच्या तिघींनीही स्पेशलच धरलं. दुपारपर्यंत डावीकडे रांग आणि उजवा डंक रिकामा, पाहुण्यांत नको तो जावई बसावा तसा. संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "दोनी एकच हाईत की." दोन वाक्यं नव्हेत, पण यांच्या मानाने भाषण. मी म्हटलं, तुम्ही तंबाखू बघा.

तरी मनाला टोचलं. म्हणून स्पेशलमधलं तिखट खरोखरच जास्त वेळ कुटायला लागले. आता खोटं काही राहिलं नाही. माणूस चटणीचे पैसे देत नाही, चटणीवर घेतलेल्या कष्टाचे देतो. बेळगावच्या कॉलेजात मला शिकवायला बोलवायला हवं.

३० मार्च, रविवार, पाडवा

दुकान बंद. गुढी उभारताना जयाआक्का समोरच्या दारात. त्यांनी मान फिरवली. मी त्यांच्यापेक्षा चांगली फिरवली.

३ एप्रिल, गुरुवार

स्पेशल जोरात आहे, पण बायका त्याच त्या. नव्या येत नाहीत. मारुतीराव रस्त्यावरून जाताना आत बघतात आणि मोजल्यासारखं करतात.

नव्या का येत नाहीत? कारण ठसका! विक्रमकडे काच आहे, माझ्याकडे ठसका. मग ठसकाच काढायचा. कोल्हापूरहून हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा मागवला. किंमत इथे लिहीत नाही. हे कधी वही चाळतील सांगता येत नाही.

७ एप्रिल, सोमवार

पंखा बसला. बटण दाबलं आणि आत देवळातल्यासारखी हवा! डंक चालू, संकेश्वरी मिरची पडतेय, आणि मला चक्क उदबत्तीचा वास येतोय. मी बाकड्याकडे बघितलं. आता म्हणतील, वैनी, काय सोय केलीस.

कोणी काही म्हणेना.  सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं, मग छताकडे. अक्काताईने बोटाने चिमूट उचलून जिभेवर ठेवली. "तिखाट न्हाय."

मी म्हटलं, तुझीच मिरची आहे, तूच आणलीस, तूच भाजलीस!

"व्हय, पर शिंक आली न्हाय की. जुनी दिली वाटतं त्या व्यापाऱ्यानं."

नागुबाई तर पाचच मिनिटं बसली. "करून ठेव, सांजचं नेतो," म्हणून निघून गेली. जी बाई कधी मिरचीवरून नजर काढत नव्हती, ती पिशवी टाकून गेली! मला वाटलं, केवढा विश्वास.

११ एप्रिल, शुक्रवार

विश्वास कसला. चार दिवसांत बाकडं निम्मं रिकामं. आल्या त्याही पिशव्या ठेवून जातात, संध्याकाळी घेऊन जातात. कोणी बसत नाही. आणि बसायचं नसेल तर विक्रमकडे काय वाईट आहे? तिकडे निदान बाटली मिळते.

आज कहर झाला. जयाआक्का समोरच्या दारातून निघाल्या, हातात मिरच्यांची पिशवी, आणि माझ्या डोळ्यांदेखत रिक्षात बसून विक्रमकडे गेल्या! सख्खी जाऊ! स्वतःचा गाळा सोडून!

मनात आलं, असल्याच आहेत त्या. जानेवारीत त्यांची आई गेली. दिवसभर लोकांना चहा देत होत्या, कपबशा विसळत होत्या, डोळ्यांतून एक टिपूस नाही. सगळी गल्ली म्हणाली, केवढं दगडाचं काळीज. मीही म्हटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

पंखा गेला. आत तिखटाचा थर बसून मोटार जळाली. सकाळी एकदा खर्रर्र केलं आणि गप्प. दुरुस्तीवाला भरमू म्हणाला, "वैनी, ह्यो पंखा मिरचीला न्हाय, माणसाला असतोय."

डोक्याला हात लावून बसले. डंक चालूच होता. पाच मिनिटांत ठसका भरला. अक्काताई शिंकली. मग दुसरी, मग तिसरी, मग सगळं बाकडं एकदम. नाकाला पदर, डोळ्यांना पाणी — आणि चेहरे बघा! लग्नातल्यासारखे. अक्काताईने तशीच चिमूट जिभेवर ठेवली. "आई गं! कसला जाळ हाय. आता कसं झालं." मिरची तीच. मागच्या खेपेची उरलेली.

हसून हसून मला बसवेना.

१९ एप्रिल, शनिवार

रांग दाराबाहेर. नव्या बायका, अकोळच्या, खडकलाटच्या. कोणाला कोणी सांगितलं देव जाणे. स्पेशलची माळ बदलली.

मी पक्कं समजले आहे. माणूस जिभेने चव घेतच नाही. नाकाने घेतो, कानाने घेतो, पाटी वाचून घेतो. शिंक आली की तिखट, वेळ लागला की चांगलं, महाग असलं की खरं. विक्रमने एवढा खर्च करून लोकांच्या शिंका काढून घेतल्या, आणि शिंकेबरोबर चवही गेली. बिचारा.

२३ एप्रिल, बुधवार

नागुबाई पुन्हा आली. दोन किलो मिरची. महिन्यात तिसऱ्यांदा! घरात माणसं तीन. माझा संशय पक्का झाला — माझी स्पेशल चटणी ही कुठेतरी विकते. सगळ्या गेल्यावर तिला गाठलं.

"नागुबाई, खरं सांग. कुठं खपवतीस एवढं तिखाट?"

ती हसायला लागली. नाक पुसत म्हणाली, "कुठं खपवू? भनीला देतो, शेजारी देतो. वैनी, हितं रडाय येतं गं."

मी म्हटलं, रडायला?

"घरात रडलं की सासू इचारती का रडलीस. न्हवरा इचारतो मी काय केलं. हितं कोण इचारतंय? समद्यांच्याच डोळ्यांना पाणी. आनि डंकाच्या आवाजात काय बी बोल, भायेर जात न्हाय." मग पंख्याच्या रिकाम्या भोकाकडे बोट दाखवलं. "ह्यो लावलावतास तवा लई अवघड झालतं. कोरड्या डोळ्यानं किती बसायचं? आनि तिकडं काचंत बसून रडलं तर सगळा रस्ता बघतोय."

"आणि स्पेशल?"

"त्याला वेळ लई लागतोय, तूच म्हणालीस की."

असं म्हणून ती पिशवी उचलून गेली. मी बाकड्यावर बसले, विटेच्या बाजूला. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या मिरच्या बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी माझ्या मालाची तारीफ समजत होते. कॉलेजात शिकवायला निघाले होते!

२८ एप्रिल, सोमवार

भरमू पंखा दुरुस्त करून बसवून गेला. नको म्हणणार होते, पण हे समोर उभे होते आणि बिल यांच्या हातात होतं. बटणावर कागद चिकटवला — हात लावू नये.

६ मे, मंगळवार

मारुतीराव आले. रांग बघितली. आत येताच त्यांना असा ठसका लागला की मीच कागद काढून पंखा लावला. सासरची माणसं, गुदमरून चालत नाही.

मी पाणी दिलं आणि म्हटलं, भावोजी, गिऱ्हाईक आलं. तुम्ही म्हणाला होता.

"आलंय की, न्हाय कोण म्हणतंय. पर मोबाइलवाल्यानं आगाऊ रक्कम आणलीया. कागूद तयार हाय. शनवारी हिची सही झाली की झालं."

चहा घेतला नाही.

नंतर यांना सांगितलं. यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "जाऊन माफी माग वैनीची." मी म्हटलं, मिठाची माफी मागू? पण झोपताना तेच डोक्यात. दुसरीकडे गाळा मिळेल, डंक उचलून नेता येतील. पण ते बाकडं तिथल्या बायकांसकट कसं उचलणार? आणि उद्या सकाळी नागुबाईला काय सांगू?

९ मे, शुक्रवार

समोरच्या पायरीपर्यंत गेले. परत आले.

१० मे, शनिवार

अकराला जयाआक्का आल्या. हातात मिरच्यांची पिशवी आणि रिकामा डबा. सगळं बाकडं सरकलं. 

सहा वर्षांनी पहिलं वाक्य — "नंबर शेवटचा दे."

दिला. भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग वर बघितलं. मंगळवारी काढलेला कागद परत चिकटवला नव्हता; सकाळी कोणीतरी बटण दाबलं होतं, माझं लक्षच नव्हतं.

"त्यो पंखा बंद कर गं."

केला. दोन्ही डंक चालू केले आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. नागुबाईने पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं, एवढं मात्र दिसलं. बराच वेळ कोणी काही विचारलं नाही.

शेवटी उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सही केली न्हाय मी. केली तर मग पुढच्या साली मी कुठं जाऊ?"

चटणीचा डबा बाकड्यावरच विसरून गेल्या. उद्या मीच घेऊन जाईन. मीठ बेताचं घातलंय.