समुद्राकाठच्या एअरबेसची ओळख, मुक्काम नागपूर

२ मार्च, सकाळ

मिनल रुजू झाली. फ्लाइंग ऑफिसर मिनल. समुद्राकाठचा एअरबेस. तोच, जिथे मी नोकरीत असताना हवाई दलाच्या नागपूर डेपोच्या स्टोअरमधून टेम्पररी ड्यूटीवर गेलो होतो. आणि तिला पहिलं काम काय दिलं, तर नव्याने येणाऱ्या कुटुंबांना बेसची ओळख करून देणं. याला म्हणतात योग. त्या बेसची माझ्याइतकी माहिती नागपुरात कुणाला नाही.

फोनवर म्हटलं, भाषण मी लिहून देतो. वाटल्यास येऊन करतोही. ती म्हणाली, बाबा, मी पाहून घेईन. संकोच. बापाला त्रास कसा द्यायचा, असं वाटत असेल. एकुलती एक पोरगी, पहिलं पोस्टिंग. तिथे तिचं नाव झालं पाहिजे, आणि ते माझ्यामुळे झालं पाहिजे.

२ मार्च, दुपार

बायकोने, प्रेमिलाने, काही कारण नसताना आठवण करून दिली की मी तिथे एकदाच गेलो होतो, डिसेंबरात, पंधरवड्यासाठी, आणि त्यातले अर्धे दिवस तापाने पडून होतो.

माणूस पडून असतो तेव्हाच नीट निरीक्षण करतो. वाद घातला नाही.

६ मार्च

संधी चालून आली. वरच्या मजल्यावरचा आपला भाडेकरू आयुष, मूळचा जवळच्याच कुहीचा, हवाई दलात कॉर्पोरल. त्याची बदली त्याच बेसला. बायको कामिनी आणि आई पार्वतीबाई सोबत जाणार. रविवारी तिघांना खाली बोलावलंय. मिनल तिथे ओळख करून देईल तेव्हा देईल. मी इथूनच तयार माणसं पाठवतो.

८ मार्च, रविवार

क्लास उत्तम झाला.

सुरुवात भूगोलाने केली. समुद्र पश्चिमेला. आयुष म्हणाला, काका, हा बेस पूर्व किनाऱ्यावर आहे. म्हटलं, ते खिडकी कोणत्या बाजूला आहे त्यावर असतं.

मग मुख्य मुद्दा, कूलर. आयुषचं म्हणणं, तिथे कुणी कूलर वापरत नाही. म्हणजे तिथल्यांना माहीत नाही, एवढंच सिद्ध होतं. गरम होतं, घाम येतो, तिथे कूलर लागतो. यात विचारण्यासारखं काय आहे? आपला जुना लोखंडी कूलर त्यांना देऊन टाकला. वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्या, पंपही बदलला. प्रेमिला म्हणाली, अन् आपण का वारा घालत बसू का? तिला दूरदृष्टी नाही.

पार्वतीबाईंनी विचारलं, भाऊ, कुरड्या-सरगुंडे इथंच करून नेऊ का तिथं जमन? म्हटलं, तिथंच करा. क्वार्टरची गच्ची सपाट, समोर रनवे, मध्ये एक झाड नाही. ऊनच ऊन. वरून विमानांचा वारा. अशी वाळवणाची जागा अख्ख्या विदर्भात सापडणार नाही. बाई फार खूश झाल्या. प्रेमिला आतून पाहत होती. काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

२२ मार्च

ते गेले. ट्रकमध्ये कूलर सगळ्यात वर, दोरीने बांधलेला. मिनलला कळवलं, माझी माणसं येऊन राहिली, लक्ष ठेव. तिने विचारलं, कोणती माणसं? आवाज नीट येत नव्हता.

५ एप्रिल

आयुषचा फोन. कूलर लावल्यापासून चादरी ओलसर, भिंतीला बुरशी. म्हटलं, पाणी कमी पडत असेल, टाकी पूर्ण भरा.

७ एप्रिल

कामिनीचा फोन. टाकी पूर्ण भरली. काका, अंगावरचे कपडे वाळून नाही राहिले, सासूबाईचे गुडघे धरले, कूलर बंद करू का? म्हटलं, मुळीच नाही. हवेला सवय होऊ द्या.

कूलरमध्ये दोष नाही. तो आपल्या घरी बारा उन्हाळे चालला. दोष त्या हवेत आहे, आधीच ओली असते. हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

१२ एप्रिल

पार्वतीबाईंनी परवा गच्चीवर कुरड्या घातल्या. दुसऱ्या दिवशीही वाळल्या नाहीत म्हणतात. उचलू नका म्हणून सांगितलं. वाळवणात धीर महत्त्वाचा. धीर मी शिकवू शकतो, ऊन नाही.

१५ एप्रिल, सकाळ

मिनलचा फोन. स्वतःहून. मला वाटलं, भाषणासाठीच. कागद घेऊन बसलो.

भाषणासाठी नव्हता. कुरड्या आंबल्या. वासाने कावळे आले, कावळ्यांमागून घारी. घारी रनवेवर फिरायला लागल्या. पक्षी विमानाला धडकला तर माणसं जातात, म्हणून सकाळची सगळी उड्डाणं थांबवली. पक्षी हाकलणारं पथक गच्चीवर पोचलं, तर पार्वतीबाई काठी घेऊन वाळवणापाशी राखणीला बसलेल्या. रनवेजवळ हे घालायला कुणी सांगितलं, असं विचारलं. त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, मिनल मॅडमच्या बाबानं सांगतलं.

मिनलला साहेबांपुढे उभं राहावं लागलं. तिने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, बाबा, तुम्ही काहून असं करता? म्हटलं, नागपुरातही विमानं उडतात, इथे प्रत्येक गच्चीवर कुरड्या असतात.  तिने ड्यूटी आहे म्हणून फोन ठेवला.

१५ एप्रिल, दुपार

जेवलो नाही. चूक घारींची आहे, हे माझं मत कायम आहे. पण पोरीला माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं, ते सहन होत नाही.

निश्चय: स्वतः जायचं. तिच्या साहेबांना भेटून सगळं शास्त्रशुद्ध समजावून सांगायचं. प्रेमिला म्हणाली, नका जाऊ हो, पोरीले अजून त्रास. मी ऐकलं नाही. तिने मुकाट्याने बॅग भरली.

२१ एप्रिल

मेन गेट. मी इथे काम केलेलं आहे, असं जवानाला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, अंकलजी, पास. पास नव्हता. बाकावर बसवलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावला. घामाने शर्ट पाठीला चिकटला. डिसेंबरात असं नव्हतं.

मिनल युनिफॉर्ममध्ये आली. जवानाने तिला सॅल्यूट केला आणि मी उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप राहिलो. तिने पासावर सही केली. म्हणाली, इथे मुक्कामाला येणाऱ्या नातेवाइकांनाही उद्याच्या ओळख-वर्गाला बसावं लागतं. म्हटलं, मग मीच घेऊ का? म्हणाली, नाही बाबा, ऐकायचं आहे.

२२ एप्रिल

शेवटच्या रांगेत जागा मिळाली. माझं भाषण खिशात होतं, वेळ आलीच तर.

मिनल कागद न पाहता बोलली. पाणी कधी येतं, सायरन वाजला तर काय करायचं, फोटो कुठे काढायचे नाहीत. मग, उरलेलं अन्न उघड्यावर टाकायचं नाही, गच्चीवर खायचं काही वाळत घालायचं नाही, आणि का नाही, तेही. शेवटी, कूलर आणू नका. लोक हसले. पुढच्या रांगेत पार्वतीबाई मान डोलावत होत्या. मिनलने कुणाचंही नाव घेतलं नाही. बरं वाटलं आणि लाज वाटली. लाज जास्त.

मला अजूनही वाटतं, पोरगी बोलली ते बरोबर होतं, पण भूगोल राहिला.

मग नव्याने आलेल्या प्रत्येकाने उभं राहून नाव आणि कुणाच्या घरचे ते सांगायचं होतं. माइक माझ्यापर्यंत आला. खिशातला कागद घामाने भिजून घडीतच चिकटला होता. मिनल माझ्याकडे पाहत होती. म्हणालो, रुपराव. फ्लाइंग ऑफिसर मिनलचा बाप. नवीन आहे.

कुणीही दुरुस्ती सुचवली नाही. मिनल म्हणाली, बसा. बसलो.