हर्षलच्या कॅसेटची व्यवस्था

मी, श्रीमंत रंभाजी लोहकणे, वय अडुसष्ट, धंदा टीव्ही व व्हिडिओ गेम दुरुस्ती, राहणार कोपरगाव, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसे मात्र ठिकाणावर नाहीत. तीस वर्षे सोल्डरचा धूर आणि त्यावर बिडी, त्यामुळे डॉक्टर दिवाळीच्या पलीकडचे काही बोलत नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणणार कोण, घरात आम्ही दोघेच आहोत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि शेवटचे समजावे.

श्रीमंत हे नाव वडिलांनी हौसेने ठेवले. खालची यादी वाचून कोणी हसू नये.

१) राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि पुढचा दुकानाचा गाळा, माझ्या स्वकमाईचे आहे. ते माझ्या पश्चात पत्नी मालन हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावे. वकील 'तहहयात' असा शब्द घालत होते, तो मी काढायला लावला. तिने विकावे, भाड्याने द्यावे नाहीतर कुलूप लावून ठेवावे. तिला कोणी जाब विचारू नये.

२) बँकेतील ठेवही मालनचीच. मुलगी मोनिका नेवाशाला दिली आहे. तिला माझ्या आईच्या पाटल्या द्याव्यात. मोनिकाने घरात वाटा मागितला नाही. दर पंधरा दिवसांनी येते, माझ्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावते आणि जाताना बिडीचे बंडल शोधून घेऊन जाते. या कागदाची अंमलबजावणी तिनेच करावी.

३) दुकानाच्या कपाटात गेमच्या दोनशेच्या आसपास जुन्या कॅसेट आहेत. हल्ली शिर्डीला आलेली चाळिशीतली माणसे वाट वाकडी करून माझ्याकडे येतात आणि विचारतात, काका, लहानपणीची कॅसेट आहे, चालू होईल का? ज्याला हवी त्याला कपाटातली फुकट द्यावी, पण आधी पुढचे ऐकवावे.

कॅसेट बंद पडली की सगळे म्हणतात, मेली. बहुतेक वेळा ती मेलेली नसते. आधी त्याच मशीनमध्ये दुसरी कॅसेट घालून पाहावी. तीही चालली नाही, तर दोष मशीनच्या खाचेत आहे. तिथल्या पिना वापरून ढिल्या पडतात. दुसरी चालली, तर पहिलीच्या तोंडाशी असलेल्या, खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या पाहाव्यात. काळ्या किंवा हिरव्या पडल्या असतील तर कापसाला स्पिरिट लावून पुसाव्यात, वाळू द्याव्यात, मगच घालावी. फुंकर मारू नये. अख्ख्या तालुक्याने फुंकरा मारल्या. फुंकरीने चालू झाली असे वाटते, पण खरे म्हणजे ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे चालू झालेली असते. तोंडातली ओल तेवढी आत राहते आणि पट्ट्या खाते. पुसूनही उपयोग झाला नाही, तर आतला एखादा टाका तडकला असेल, तो पुन्हा सोल्डर करावा. त्यानेही नाही झाले, तर आतली चिप गेली. मग हात जोडावेत. अशा कॅसेटचे मी कधी पैसे घेतले नाहीत आणि गिऱ्हाइकाला खोटी आशाही लावली नाही.

४) माझी हत्यारे, म्हणजे सोल्डर गन, मीटर, भिंग आणि स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, माझा मावसभाऊ कानिफनाथ याला द्यावीत. अट पाचव्या कलमात आहे. वाचणाऱ्याला धक्का बसेल, कारण तो समोरच्याच गाळ्यात बसतो आणि सत्तावीस वर्षे आम्ही बोलत नाही.

आधी दुकान दोघांचे होते. कानिफ घाईचा माणूस. गिऱ्हाईक उभे असताना तो पट्ट्यांवर पॉलिश पेपर घासायचा. कॅसेट लगेच चालायची, गिऱ्हाईक खूश व्हायचे, आणि सहा महिन्यांत ती कायमची बंद पडायची, कारण पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामाच निघून गेलेला असायचा. मला हे समजले त्या दिवशी मी त्याला चारचौघांत चोर म्हणालो. तो म्हणाला, "दादा, चोर नगं म्हनू. मला खरंच म्हाईत न्हवतं." मी ऐकून घेतले नाही. आता वाटते, खरेच माहीत नसावे. माझा मुलगा गेला तेव्हा तो स्मशानात माझ्या मागे दोन तास उभा होता. मी मान वळवली नाही. याची लाज मला रोज वाटते, पण समोरचा रस्ता ओलांडणे जमले नाही.

५) माझा मुलगा हर्षल. सन २००१ च्या जानेवारीत, कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असताना, मी त्याला सायकलवर सोल्डरची तार आणायला पाठवले. वय पंधरा. वळणावर उसाची ट्रॉली त्याच्या अंगावर कलंडली. ऊस उपसून त्याला बाहेर काढायला दीड तास लागला. तार दुसऱ्या दिवशी आणली असती तरी चालले असते. हे मी कोणाजवळ बोललेलो नाही, म्हणून इथे लिहितो.

कपाटाच्या वरच्या कप्प्यातली करडी कॅसेट त्याची. तलवारवाला गडी जंगले ओलांडत एकेक किल्ला घेत जातो, असा तो खेळ आहे. साध्या कॅसेटमध्ये मशीन बंद केले की खेळलेले सगळे पुसते. हिच्यात बटणाएवढा सेल आहे. त्याच्या जोरावर खेळणाऱ्याचे नाव आणि तो कुठवर पोचला ते शिल्लक राहते. कॅसेट लावली की पडद्यावर हर्षलचे नाव येते. मालन रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते आणि मग ही कॅसेट लावते. तिला खेळता येत नाही. नाव पाहते आणि मशीन बंद करते. गेली चोवीस वर्षे यात खंड नाही. बाहेरगावी गेली तर तेवढाच.

सेल पंधरा-वीस वर्षांत संपतो, आणि संपला की नाव जाते. सध्याचा सेल २०१४ सालचा आहे. माझे हात आता थरथरतात. म्हणून तो वेळेत बदलण्याचे काम कानिफनाथने करावे, हीच हत्यारांची अट. जुना सेल काढताना दोन तारांनी बाहेरून करंट चालू ठेवावा लागतो. तो क्षणभर तुटला तरी आतले सगळे जाते. एकाने तारा धरायच्या, दुसऱ्याने सेल बदलायचा. एकट्याने करू नये.

६) हे कलम मालनला वाचून दाखवू नये.

२०१४ साली मी ते काम एकट्याने केले. समोर कानिफ रिकामा बसलेला दिसत होता. हाक मारली असती तर धावत आला असता. मी मारली नाही. डाव्या हातातली तार सुटली. कॅसेट पुन्हा लावली तेव्हा नावाची जागा रिकामी होती.

मालन तेव्हा मोनिकाच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी नेवाशाला गेली होती. मी शटर ओढले आणि खेळायला बसलो. जन्मभर गेम दुरुस्त केले, खेळलो एकही नव्हतो. पहिल्याच जंगलात दिवसाला तीस-चाळीस वेळा मरत होतो. नाव मीच टाकले. हर्षल ज्या किल्ल्यापर्यंत गेला होता तिथे पोचायला मला सव्वीस दिवस लागले. तेव्हापासून मालन रोज ज्याच्यापुढे उभी राहते ते त्याचे नाही, माझे आहे. मी तिला फसवले आहे. पुढे सेल दगा देऊन नाव गेले, तर कानिफनेही तसेच करावे आणि तिला कळू देऊ नये.

पुरवणी, त्याच दिवशी, साक्षीदारांसमक्ष:

सही करण्याआधी साक्षीदार रंगनाथ गुरुजींनी हे सर्व मोठ्याने वाचले. मालनला मी मुद्दाम आठवडे बाजाराला पाठवले होते. सहावे कलम संपले तेव्हा ती पिशवी घेऊन दारात उभी दिसली. केव्हापासून उभी होती ते सांगता येत नाही. गुरुजींनी कागद मांडीवर ठेवला.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

मी विचारले, काय माहीत आहे?

"त्याच्या नावाम्होरं तीन बदाम असायचे. मी नेवाशाहून आले तवा पाच झालते."

बदाम म्हणजे खेळातल्या गड्याचा शिल्लक जीव. मी नाव आणि किल्ला जुळवला होता. बदाम मोजायचे माझ्या लक्षातच आले नव्हते.

मी म्हणालो, मग अकरा वर्षे रोज का लावत होतीस?

"लावायची बंद केली असती तर मला कळलंय हे तुमाला कळलं असतं. तुमी जेवताना माझ्या तोंडाकडं बगायचा, मी लावली का न्हाई म्हनून. तुमच्यासाटी लावत हुते." मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "तुमी गेल्याव कुनासाटी लावू?"

तिने भाजी काढून घेतली आणि आत गेली.

सबब, कलम ५ मधील सेल बदलण्याची अट आणि संपूर्ण कलम ६ मी रद्द करीत आहे. ओळी वाचता येतील अशाच खोडल्या आहेत व प्रत्येक ठिकाणी माझी सही आहे. हत्यारे कानिफनाथला विनाअट द्यावीत. कॅसेट मालनकडे राहील. तिच्यातला सेल कोणीही बदलू नये. संपेल तेव्हा संपू द्यावा, असे मालनने आतून सांगितले आहे व ते मला मान्य आहे.

मृत्युपत्र करणार: श्रीमंत रंभाजी लोहकणे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, खाडाखोडही आमच्यासमोर झाली:
१) रंगनाथ आढाव, निवृत्त शिक्षक (सही)
२) ज्ञानेश्वर वाबळे, किराणा दुकानदार (सही)

ठिकाण: कोपरगाव
दिनांक: १५ सप्टेंबर २०२५