चौथी बाटली

अप्पा, आईने विरजणाची वाटी मोरीत पालथी केली, त्या सकाळी माझं सगळं बदललं. संपाने नाही. गिरण्यांचा संप तर तेव्हा कित्येक महिने चालूच होता आणि तुम्ही सरकारी नोकर असल्यामुळे आपल्या घराला त्याचा थेट चटका नव्हता. बदललं ते त्या वाटीने. आजीने कोकणातून बोटीने येताना मांडीवर किटली धरून आणलेलं ते विरजण. आई लग्न होऊन आली त्या दिवसापासून रोज त्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवसासाठी काढून ठेवत आली होती, आणि घोडपदेवच्या आपल्या मजल्यावर कुणाच्याही घरचं विरजण संपलं की बाई वाटी घेऊन आपल्याच दारात यायची. त्या सकाळी आईने वाटी पालथी केली, राखेने घासली आणि फळीवर उपडी ठेवली. तुम्ही खिडकीशी दाढी करत होतात, आरशातून तिच्याकडे बघत होतात. मी दारात उभा होतो आणि मला माहीत होतं की विरजणाचा काही दोष नाही.

आज खोली रिकामी करायला आलोय. चाळ पडणार आहे. सामान असं फार उरलेलं नाही. पलंग आहे, त्यावर बसून हे लिहितोय. ती वाटी अजून फळीवर आहे, उपडीच.

तुमच्या कामाची मला तेव्हा लाज वाटायची, हे तुम्हाला कळत असणार. तुम्ही अन्न निरीक्षक नव्हतात. निरीक्षक साहेब पुढे चालायचे आणि तुम्ही मागून बाटल्यांची लाकडी पेटी धरून. दूधवाल्याला थांबवायचं, दूध ढवळायचं, तीन बाटल्या भरायच्या, नासू नये म्हणून प्रत्येकीत फॉर्मॅलिनचे थेंब टाकायचे, लाख वितळवून सील ठोकायचं. मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मित्रांना सांगायचो की वडील लॅबमध्ये आहेत. लॅबच्या दारापर्यंत पेटी पोचवत होतात, तेवढं खरं.

समोरच्या खोलीतले काका गिरणीत साचेवाले होते. संप लांबला तसं त्यांनी जोगेश्वरीच्या एका तबेल्यातून दूध आणून चाळीत घालायला सुरुवात केली. पहाटे जायचे, साडेपाचला कॅन घेऊन हजर. माप घालायला त्यांची थोरली मुलगी दारात बसायची, आणि एवढ्या कारणाने आपल्या घरात दूध आणायचं काम मी कधी नव्हे ते आपणहून घेतलं. आई हसायची. मी त्या मुलीशी काय बोलायचो ते आता आठवत नाही. बहुतेक मीच बोलायचो, कॉलेजातल्या मारामाऱ्या, संपात पोलिसांशी कोण कसं भिडलं, आणि ती माप पुसत पुसत ऐकायची. एकदा म्हणाली, "तू एवढा तापतोस, तुझ्यावर दूध ठेवलं तर उतू जाईल." ते वाक्य मी आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो.

मग मजल्यावर कुणाचंच दही लागेना. दूध रात्रभर तसंच पातळ राहायचं, आंबटपणा नाही की काही नाही. बायका आधी हवेला बोल लावत होत्या, मग बोलता बोलता बोट आपल्या घराकडे वळलं, कारण विरजण सगळ्यांनी आईकडूनच नेलेलं. कोपऱ्यातल्या आजी तर म्हणाल्या की हात उतरला हिचा. आईला ते लागलं. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, ऐकून घेतलंत, आणि दोन वाट्या मागितल्यात. एकीत सरकारी केंद्रावरच्या बाटलीतलं दूध, दुसरीत काकांचं. दोन्हींत तेच विरजण, तेवढंच. वर एकच टोपली झाकलीत. सकाळी पहिल्या वाटीतलं दही सुरीने कापावं असं, दुसऱ्या वाटीत दूधच. आईच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं, आणि तुम्ही तिला आणि मला समोर बसवून सांगितलंत की विरजण म्हणजे जिवंत जंतू, आणि दुधात त्यांना मारणारं काहीतरी आहे. म्हशीची कास सुजली की तबेल्यात पेनिसिलीन टोचतात. टोचल्यावर काही दिवस तिचं दूध विकायचं नसतं, ओतून द्यायचं असतं. कोण ओततं?

तुम्ही काकांकडे गेलात. मी तुमच्या मागे उभा होतो. काकांनी लपवलं नाही. दोन म्हशींवर उपचार चालू आहेत, तबेलेवाला त्यांचं दूध स्वस्तात देतो, म्हणून तर परवडतं. "औषधच असा ना अप्पानू," ते म्हणाले, "इख तर नाय." तुम्ही म्हणालात की ज्याला ते इंजेक्शन सोसत नाही त्याला ते विषच, आणि ज्याला सोसतं त्याच्या पोटात असं थोडंथोडं जात राहिलं तर उद्या खऱ्या आजारात ते लागू पडणार नाही. काकांनी रिकामा कॅन भिंतीशी सरकवला. मग म्हणाले, गिरणी सुरू झाली की बंद करतो.

गिरणी काही सुरू होत नव्हती. तुम्ही चार दिवस थांबलात आणि मग ठरवलंत की साहेबांना आपल्याच चाळीत आणायचं. जेवताना सांगितलंत. मी ताटावरून उठलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. संपवाल्याच्या पोटावर पाय देताय, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. तुम्ही शांतपणे समजावत होतात की खटला व्हायचाच नाही. रिपोर्टच्या कागदावर पाण्याला रकाना आहे, स्निग्धांशाला आहे, औषधाला नाहीच. नियम औषधाबद्दल बोलतच नाही. म्हणून तुम्ही एक वाट काढली होती: तीन बाटल्या नेहमीच्या, आणि चौथी फॉर्मॅलिन न घालता, बर्फात. प्रयोगशाळेतल्या एक बाई ती विरजून बघायला तयार झाल्या होत्या. दही लागलं नाही तर साहेब तबेल्यावर जाऊन मालकाला दम देणार, काकांचं नाव मध्ये न आणता. कायद्याने नाही, धाकाने. आज मला तो विचार सरळ आणि दयाळू वाटतो. तेव्हा मी फक्त एवढंच ऐकलं की उद्या सकाळी येणार.

आणि मी जिन्यात तिला गाठून ते सांगितलं. तिने विचारलंही नव्हतं. मला वाटलं आता ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. तिने फक्त बघितलं आणि वर निघून गेली.

ती सकाळ मी पुन्हा पुन्हा बघतो. साहेब गॅलरीत उभे आहेत, रुमालाने मान पुसतायत. साडेपाचचे काका सात वाजता येतात. कॅन खाली ठेवतात. दूध हिंदकळू नये म्हणून कॅनच्या तोंडात नेहमी वाळका पेंढा खोचलेला असायचा. तुम्ही वाकता, तो काढायला हात घालता, आणि तुमच्या हातात हिरवं गवत येतं. ओलं, ताजं. तुम्ही त्याची एक काडी दोन बोटांत धरून फिरवता. काकांकडे बघत नाही. माझ्याकडे बघता. मग काडी शर्टाच्या खिशात टाकता आणि बाटल्या भरायला घेता, एक, दोन, तीन, आणि चौथी.

तीन बाटल्यांचा रिपोर्ट यायचा तेव्हा आला, उत्तम दूध. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, प्रयोगशाळेतल्या बाईंनी साहेबांच्या समोर तुम्हाला सांगितलं, "दही छान लागलं हो, अगदी घट्ट." हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, त्यांच्या शब्दांत. साहेब म्हणे हसले आणि म्हणाले, पुढच्या वेळी घरची भांडणं घरी. संध्याकाळी गॅलरीत माणसं जमली. काका मध्ये उभे. कुणीतरी म्हणालं, अप्पा, शेजाऱ्यावर सरकार सोडलंत, आता बोला. तुम्ही बोललात. "दुधात काही नव्हतं," तुम्ही म्हणालात. "आमच्या विरजणातच दोष होता." आई आत, पडद्यामागे. दुसऱ्या सकाळी तिने वाटी पालथी केली.

नंतरच्या आठवड्यात म्हशींचं औषध संपलं असणार. बायकांनी दुसऱ्या चाळीतून विरजण आणलं, दही लागलं, आणि मजल्याला पुरावा मिळाला. आपल्या दारात वाटी घेऊन पुन्हा कुणी आलं नाही.

काकांची मुलगी त्याबद्दल माझ्याशी बोलली, नळावर. "तुझ्या आईला खरं सांग. आमचं काय व्हायचं ते होऊ दे." मी म्हटलं सांगतो. चार दिवसांनी तिने विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर केलं मी. "माझ्यासाठी केलंस तर मला विचारून करायचंस," ती म्हणाली, आणि कळशी उचलली. पुढच्या दोन महिन्यांत ते सगळे गावी गेले. तिचं लग्न तिकडेच झालं. ते गेले त्या आठवड्यात प्रॅक्टिकलला कुणीतरी विचारलं, लक्ष कुठे आहे तुझं, तर मी ब्युरेट टेबलावर आपटून बाहेर पडलो आणि पुन्हा कॉलेजात गेलो नाही. घरी मी सगळं तुमच्यावर ढकललं. तुमच्या पेटीमुळे चाळ तुटली, माणसं गेली, आणि सापडलं काय, शून्य. तुम्ही भात कालवत होतात. म्हणालात, "नमुना कधी घेणार, हे घेणाऱ्याने आधी सांगायचं नसतं." बस, एवढंच. मला वाटलं तुम्ही तुमच्या कामाची एखादी गोष्ट सांगताय. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला पेटीशिवाय काही सुचत नाही.

मग मी काय काय केलं ते तुम्ही गेलात तोपर्यंत बघितलंतच. नोकऱ्या धरल्या, भांडून सोडल्या. तुमच्यानंतर एका खाजगी प्रयोगशाळेत लागलो, नमुने आणायला. हसू नका. पेटी आता थर्माकोलची आहे, सील प्लॅस्टिकचं. आणि रकाना आला आहे, अप्पा. औषधाचा. एकच नाही, ओळीने आहेत. कुठलं औषध किती उरलेलं चालेल, कुठलं अजिबात नाही. हे सगळं कसं झालं त्यात मी नव्हतो, मला कुणी विचारलं नाही, मी फक्त एके दिवशी कागद भरायला घेतला आणि तो तिथे होता. दुधात एक पट्टी बुडवायची, काही मिनिटं थांबायचं. रेघ उमटली तर ठीक. नाही उमटली तर टँकर परत. रात्रभर वाट्या झाकून बसायला नको. पहिल्यांदा रेघ उमटली नाही तेव्हा मी ती पट्टी किती वेळ हातात धरून उभा होतो. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, वाचता येत नाही का? अजूनही ओतून देणारे कमीच. फक्त आता विचारणारं कुणीतरी आहे.

पण सांगायचं होतं ते गवताबद्दल. इतकी वर्षं नमुने घेतल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. कॅनच्या तोंडात काय खोचलंय ते माणूस पहिलं बघतो. त्यावरून दूध कुठून आलंय ते कळतं, चव बघायच्याही आधी. तुम्ही तर वीस वर्षं तेच करत होतात. म्हणजे तुम्हाला बाटल्या भरायच्या आधीच कळलं होतं की दूध बदललंय. तिथल्या तिथे साहेबांना सांगता आलं असतं. मग साहेबांनी विचारलं असतं, बातमी कुणी फोडली, आणि ती आदल्या दिवशी जेवताना घरात आपल्या तिघांनाच माहीत होती; ताई तेव्हा सासरी होती. म्हणून तुम्ही काडी खिशात टाकलीत, आणि गॅलरीत दोष विरजणावर घेतलात.

हे मला काही वर्षांपूर्वीच उमगलं होतं. आज वाटीकडे बघताना दुसरंच सुचलं. दोन वाट्यांचा प्रयोग आईनेही पाहिला होता. विरजण चांगलं आहे हे तिला माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. तिने पुन्हा दही लावलं असतं आणि ते लागलं असतं, तर गॅलरीतला तुमचा शब्द खोटा पडला असता आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. तिने ते होऊ दिलं नाही. त्यानंतर कधीच दही लावलं नाही. म्हणजे माझं गुपित सांभाळायला घरात दोन माणसं होती, आणि तिसरा मी, तुमच्यावर ओरडत.

आई आता ताईकडे असते. दर रविवारी मी जातो, दह्याचा डबा घेऊन. ती झाकण काढते, चमच्याने वरचं पाणी बाजूला करते, म्हणते, ठीक आहे. मी काही विचारत नाही. एवढी वर्षं मी तुमच्यावर रागावलेलो राहिलो, कारण ते सोपं होतं. हे पत्रही तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. देणारी आहे तिला अजून लिहिलेलं नाही, सांगितलेलं नाही.

आज रविवार आहे. वाटी धुऊन पिशवीत घातली आहे. आज सांगेन असं इथे लिहिणार होतो, ते लिहीत नाही. आधी सांगायचं नसतं. उठतो, कागद घडी करून फळीवर ठेवतो, जिथे वाटी होती तिथे, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.