अंगाला न लागणारी साखर

शाहपूर, ९ फेब्रुवारी १९९८

प्रिय दिगूदादा,

चार वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही, त्यामुळे माझं अक्षर बघूनच तुझ्या छातीत धस्स झालं असेल. आप्पा आहेत. आधी एवढं वाच, मग सावकाश बस. आईला एकटीला झेपेना, म्हणून मी दोन महिने सासरहून इथेच येऊन राहिलेय.

आप्पांची कावीळ उतरली असं आम्ही समजत होतो, पण तिने लिव्हर खाल्लं होतं. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी पाकासारखं घट्ट, गोड औषध दिलंय. आहे ती साखरच, पण अंगाला न लागणारी. जिरत नाही, तशीच आतड्यात उतरते आणि जे विष लिव्हरला झेपत नाही ते शौचावाटे बाहेर काढते. नाही निघालं तर ते डोक्यात चढतं. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं. ज्या आप्पांपुढे आपण मान वर करत नव्हतो, त्यांना मी रोज विचारते, किती वेळा झालं? ते भिंतीकडे बघत बोटं दाखवतात. मला हसू येतं, आणि मग रडूही.

जानेवारीत आईने घोळ घातला. तिला ते जुलाबच वाटले. माणूस आधीच वाळलेला, त्यात हे, म्हणून तिने बाटली फडताळात ठेवली आणि आपल्याकडे जुलाबावर जे करतात तेच केलं: कच्च्या केळ्यांची भाजी, तीन दिवस, दोन्ही वेळा. पोट बांधलं गेलं, आई खूश. चौथ्या दिवशी आप्पा उशीला केळीचा घड समजून खांद्यावर घ्यायला लागले. हात थरथरत होते. पाच दिवस दवाखान्यात काढले. मी आईला रागावले नाही. कशी रागावू? पोट थांबल्यावर मलाही हायसंच वाटलं होतं.

त्या घोळात एक झालं, ते आईलाही सांगितलेलं नाही. आप्पांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “दिगा, कव्हा आला तू? जेवला का?” शुद्धीत असताना ते तुझं नाव घेत नाहीत. केळीची शेती सोडून नोकरीला गेलास तेव्हा ‘पुन्हा उंबरा चढू नको’ म्हणाले, ते त्यांना पक्कं आठवतं. भान गेलं की तेवढंच विसरतात. औषध लागू पडलं की पुन्हा मुके. आणि औषध देणारी मी.

आता ऐक. काल सकाळचं आणि दुपारचं औषध मी दिलं नाही. मुद्दाम. फार दिवस नाहीत असं डॉक्टर म्हणालेत, आणि मला वाटलं, एकदा त्यांना तू दिसावास. संध्याकाळी त्यांनी मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला, वेणी हाताला लागली तरी कळलं नाही. “माह्यं चुकलं रे, दिगा,” म्हणाले. मी तू होऊन “हो आप्पा” म्हटलं आणि घाबरून लगेच औषध तोंडाशी धरलं. आज शुद्धीवर आहेत, गप्प आहेत. ती माफी तुझी आहे, दादा, मी चोरून घेतलीय. इंदूर काही लांब नाही. ये, नाहीतर मी पुन्हा बाटली लपवीन, मला माझी खात्री वाटत नाही.

तुझीच,
सुलभा