खोक्यातली पांढरी टोपी

टॅमवर्थ, रविवार

माझ्या लाडक्या आईला लागीकडून गालभर पापे.

मी ठणठणीत आहे. इथला तारोचा कंद मात्र लाकडासारखा लागतो. तुझा गुडघा कसा आहे?

आई, दर रविवारी चर्चला जाते असं लिहीत आले, ते खोटं आहे. रविवारी मला वृद्धाश्रमात कामावर जावं लागतं. चर्चसाठी दिलेली तुझी पांढरी टोपी अजून खोक्यातच आहे.

आज एडना आजींना आंघोळ घालताना मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वेडे, देव काय हजेरी घेतो?" आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. सामोआ सोडल्यापासून मला कुणी मायेनं हात लावला नव्हता.

माझी पत्रं तू चर्चमध्ये सगळ्यांना वाचून दाखवतेस ना? हेही दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

तुझीच,
लागी